परत सांगा, नीट कळलं नाही

४ फेब्रुवारी

आज खुर्चीत बसले. खुर्ची इतकी उंच की पाय जमिनीला टेकत नाहीत. शिपायाने अदबीने विचारलं, "मॅडम, पायाखाली पाट देऊ?" नको म्हटलं. पहिल्याच दिवशी सरकारकडून पाट घ्यायचा म्हणजे उद्या उशी मागितल्यासारखं होईल.

टेबल मात्र ओळखीचं आहे. या लांबलचक टेबलाच्या डाव्या बाजूला काकांच्या शेजारी बसून मी निम्मं आयुष्य भांडले. डावीकडे कामगार, उजवीकडे मालक आणि टोकाला समेट अधिकारी. आता टोकाला मी. भांडण करणारीला भांडण मिटवायला बसवणं ही सरकारची गंमत आहे. नवऱ्याला जास्तच मजा वाटते आहे. "घरी एकदाही समेट केला नाहीस, आणि तिकडे त्याचा पगार घेणार," म्हणाला. शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या नोकरीवर रंग उडवायची सवयच आहे त्याला.

काकांना फोन केला नाही. अजून रागावले आहे. या नोकरीची जाहिरात त्यांनीच माझ्यासमोर टाकली होती. "अर्ज कर." मी हसले, तर म्हणाले, "चेष्टा नाही. माझ्याकडे राहून तुझं काही होणार नाही." युनियनचे मोठे वकील ते, मी कॉलेजातून निघाले ती थेट त्यांच्या हाताखाली. बोलायला, गप्प बसायला, रागावल्याचं सोंग करायला त्यांनीच शिकवलं. आणि आता जा म्हणे. लग्नात आईनेसुद्धा मला इतक्या पटकन वाटेला लावलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. पहिलं मोठं प्रकरण आलं ते युनियनचंच. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका. इस्पितळाच्या चादरी, गाऊन, पडदे या बायका धुतात. काम कंत्राटी, मालक एक खाजगी कंपनी. कंपनी आता नव्या इमारतीत मोठी यंत्रं लावते आहे आणि तिथे सगळ्यांना नेणार नाही म्हणते. युनियन म्हणते, नेलंच पाहिजे, एकीलाही मागे ठेवायचं नाही. युनियनतर्फे बोलणार काका.

मी साहेबांकडे गेले, म्हटलं हे माझ्याकडे नको, ते माझे गुरू आहेत. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "या धंद्यात कोण कुणाच्या हाताखाली शिकलं नाही ते सांगा. दोन्ही बाजूंची लेखी संमती आणा आणि कामाला लागा."

संमती दोन्हींकडून आली. काकांची येणारच होती. पण कंपनीच्या वकिलाने हूं की चूं न करता सही केली, याचं नवल वाटलं. त्याला आम्ही युनियनमध्ये 'कडक इस्त्री' म्हणायचो. कितीही उकाडा असो, सदऱ्याला सुरकुती नाही आणि बोलण्याला ओलावा नाही. काकांशी त्याचं भांडण मी या धंद्यात यायच्या आधीपासूनचं. दगाबाज नाही, पण संधी सोडणाराही नाही. म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायला हवं.

काकांना कार्यालयाच्या कागदावर कळवलं: प्रकरण संपेपर्यंत भेट नाही, फोन नाही. त्यांचीच शिकवण आहे, खुर्चीतल्या माणसाने कुठल्याही बाजूच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. लिहिताना जरा सूड घेतल्यासारखं बरं वाटलं, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

२५ फेब्रुवारी

धुलाईखाना बघून आले. तळघरात आहे. वाफेने भिंती कायम ओल्या. दोघीदोघी समोरासमोर उभ्या राहून चादर ताणतात, झटकतात, मग तापलेल्या रुळाखाली सरकवतात. बोलत नाहीत, एकमेकींच्या खांद्याकडे बघतात आणि चादर आपोआप सरळ होते. मीही एक टोक धरून पाहिलं. माझी चादर तिरकी गेली आणि सगळ्या हसल्या.

त्यांची पुढारी म्हणजे थोरल्या मावशी. हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. पाठीत वाक आहे. मी अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?"

"म्हणणं काय असायचं, बाई? नव्या यंत्राला तरण्या पोरी लागतात म्हणे. आता ही पाठ काय घरी पीठ दळून वाकली का? हितंच वाकली नं? मग पाठ तुमची, आन् बाई नको, असं कसं?"

खाली मान घालून वहीत लिहून घेतलं. डावीकडे बसलेली असते तर टेबलावर हात आपटला असता.

५ मार्च

पहिली बैठक. काका आले. मला बघून ओळखीचं काही दाखवलं नाही, सरळ जाऊन आपल्या जागी बसले. नियम म्हणजे नियम. मनात म्हटलं, शाब्बास.

आणि मग त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं! युनियनमध्ये त्याला आम्ही 'काकांचा बहिरेपणा' म्हणतो. समोरच्याने प्रस्ताव मांडला की काका भोळ्या चेहऱ्याने म्हणणार, "परत सांगा, नीट कळलं नाही." तो परत सांगतो, पण थोडं वेगळं. काका पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो वैतागतो आणि जे लपवायचं तेच बोलून बसतो. मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं: "पोरी, माणूस पहिल्यांदा शिकवलेलं बोलतो, दुसऱ्यांदा घाबरून बोलतो आणि तिसऱ्यांदा खरं बोलतो."

आज तर त्यांनी कमाल केली. एकाच कलमावर कितीदा "परत सांगा" म्हणाले ते मोजायचं मी सोडून दिलं. चेहऱ्यावर इतका अस्सल गोंधळ की नाटकवाल्यांनी येऊन बघावं. कडक इस्त्री पूर्वी तिसऱ्या खेपेला लाल व्हायचा. आज मात्र दर वेळी तेच वाक्य, त्याच शब्दांत, आणखी सावकाश सांगत राहिला. शेवटी तर खुर्ची पुढे ओढून शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. म्हणजे त्यानेही उतारा शोधलेला दिसतो. दोन मुरलेले मल्ल आहेत. मला आतून फार आनंद होत होता आणि तोंड सरकारी ठेवताना गाल दुखले.

९ मार्च

काकूंचा फोन. काकांची बायको, म्हणजे माझी दुसरी आईच. तिच्या हातचं जेवून मी वकील झाले.

"अगं, जरा येऊन जातेस का?"

"काकू, प्रकरण चालू आहे. मला येता येणार नाही, बोलताही येणार नाही."

"कामाचं नाही गं, घरचंच आहे..."

"घरचं असलं तरी लोकांना तसं दिसत नाही. संपलं की पहिली तुमच्याकडेच येते."

 मग "बरं, जेवतेस ना वेळेवर?" म्हणाली आणि ठेवला. वाईट वाटलं. पण काकूंचा जीव त्या धुलाईखान्यातल्या बायकांत अडकलेला असतो, दोन शब्द त्यांच्यासाठी टाकायचे असणार. मोह नको.

१२ मार्च

दुसरी बैठक. आज काकांनी मलाही चकवलं.

कंपनीचा प्रस्ताव असा की नव्या इमारतीत जायच्या आधी प्रत्येक बाईची शारीरिक तपासणी होईल आणि तंदुरुस्त ठरतील त्याच जातील. हे कलम म्हणजे सापळा. थोरल्या मावशींसारख्या निम्म्या बायका त्यात गळणार. मी वाट बघत होते, आता "परत सांगा" येणार. तर काका खिडकीकडे बघत होते. मग वळून एकदम म्हणाले, "ठीक आहे. मान्य."

 थोरल्या मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कडक इस्त्रीने पेन खाली ठेवलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा. उलट म्हणाला, "घाई नाही. तुम्ही विचार करून सांगा." काका म्हणाले, "मान्य म्हटलं ना!" चांगलेच चिडले.

मी 'तत्त्वतः मान्य' असं इतिवृत्तात लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत ते वाचून कायम होईल आणि त्यावर सह्या होतील. काकांच्या मनात काय आहे ते अजून दिसत नाही मला. आधी देऊन मग दुप्पट काढून घेणं हाही त्यांचा एक डाव आहे. पण इतकी मोठी गोष्ट द्यायची? जाताना थोरल्या मावशी त्यांची पिशवी घेऊन, कोपराला धरून जिना उतरवत होत्या. ज्यांच्या पोटावर पाय आला त्याच त्यांचे लाड करतात. काकांवर लोकांचा जीव आहे तो असा. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. काकूंचं हल्ली लक्ष नाही वाटतं.

१४ मार्च

नवरा बाजारातून आला आणि म्हणाला, "काका भेटले. मला युनियनच्या ऑफिसचा रस्ता विचारत होते."

मी पोट धरून हसले. "तुझी फिरकी घेतली त्यांनी. त्या ऑफिसच्या भिंतीसुद्धा त्यांना ओळखतात."

तो हसला नाही. "मी पोचवून आलो," एवढंच म्हणाला आणि भाजी निवडत बसला. चित्रकारांना विनोद कमीच कळतो.

१९ मार्च

आजचा अपमान मी विसरणार नाही.

इतिवृत्त वाचायला घेतलं. तपासणीच्या कलमाशी आल्यावर कडक इस्त्री उभा राहिला. "मॅडम, यात चूक आहे. तो प्रस्ताव मी त्याच बैठकीत मागे घेतला होता. मान्य करण्याचा प्रश्नच आला नाही. आपल्या लक्षात राहिलेलं दिसत नाही."

मी थक्क झाले. माझ्या कानांनी ऐकलेलं, माझ्या हाताने लिहिलेलं! म्हटलं, "असं काहीही घडलेलं नाही."

"घडलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "हवं तर थोरल्या मावशींना विचारा."

मावशी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. घेतला होता मागं त्यांनी."

दोन्ही बाजू एका तोंडाने सांगताहेत म्हटल्यावर अधिकारी काय करणार? कलम खोडलं. काका मधे कुठेच नव्हते, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले होते. मी कामगारांचं भलं झालं म्हणून सुटकेचा श्वास टाकावा की मला खोटं पाडलं म्हणून चिडावं? दोन्ही केलं. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. यात कंपनीचा काय डाव असेल यावर अख्खी संध्याकाळ डोकं शिणवलं. त्याने फक्त विचारलं, "डाव नसला तर?" उत्तर द्यायच्याही लायकीचा प्रश्न नव्हता.

२६ मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

बैठक सुरू झाली. मी मधला मार्ग म्हणून सुचवलं की वय झालेल्या बायकांना नव्या इमारतीत रुळावर न ठेवता घड्या घालण्याचं आणि फाटलेलं शिवण्याचं काम द्यावं, पण जायचं सगळ्यांनी. यावर दोन्ही बाजूंनी बोलावं. काकांची पाळी होती.

काका माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत ओळख होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तू तिकडे काय करतेस? इकडे ये. आपली माणसं इकडे आहेत."

मी हसायला तोंड उघडलं. कारण डावच असणार ना हा. पण कुणी हसत नव्हतं. थोरल्या मावशींनी डोळ्याला पदर लावला होता. कडक इस्त्री मान खाली घालून चष्मा पुसत होता, आधीच पुसलेला चष्मा. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, सगळं माझ्या अंगावर आलं. बहिरेपणा, बटण, बाजारातला रस्ता, काकूंचा फोन. सगळ्यांना कळलं होतं. नवऱ्याला, मावशींना, समोरच्या वकिलाला. एका मलाच नाही, कारण मीच त्यांची विद्यार्थिनी. त्यांना काही येत नाहीसं झालंय हे मला दिसलंच नाही. मला दिसत होता तो डाव.

उठून त्या खुर्चीत जाऊन बसावं असं इतकं वाटलं की मी खुर्चीचे हात घट्ट धरले. उठले असते तर समेट तिथेच मोडला असता. प्रकरण कोर्टात गेलं असतं, आणि तिथला निकाल बघायला मावशींपैकी किती जणी नोकरीत राहिल्या असत्या?

"काका," मी म्हटलं, "हे हातातलं काम उरकते आणि येते."

"बरं. लवकर ये," ते म्हणाले आणि निवांत मागे टेकून बसले.

मग थोरल्या मावशी बोलल्या. कागद नाही, टिपण नाही. घड्या चालतील, शिवण चालेल, पण पगार खाली जायचा नाही आणि पाळी बदलायची नाही. कडक इस्त्रीने अडवून पाहिलं, चांगलंच अडवलं, दयेने काही सोडलं नाही. त्यांचं भांडण खरं झालं, त्याचं मला बरं वाटलं. शेवटी दोघं जुळले. एकही बाई मागे राहणार नाही. बायकांतर्फे मावशींनी सही केली, शेजारी काकांनी. सही अजून तशीच आहे, शेवटची रेघ वर झोकून दिलेली.

नंतर व्हरांड्यात मी कडक इस्त्रीला गाठलं. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात."

"अशिलाच्या हिताचं बोललो. देणाऱ्याला काय दिलं तेच ठाऊक नसेल तर तो करार उद्या टिकला नसता. मालकांनाही तसंच समजावलं."

"एवढंच?"

त्याने सदऱ्याची बाही सरळ केली. "त्या माणसाशी मी उमेदीची सगळी वर्षं भांडलोय, मॅडम. ते भांडत नसताना जिंकायचं म्हणजे... जाऊ द्या. तुम्हाला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं, त्याची माफी मागतो."

मी हात जोडले आणि आत जाऊन दार लावून रडले.

२८ मार्च

प्रकरण बंद झालं. आज काकांकडे गेले.

काकूंनी दार उघडलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही फोन केलात आणि मी..." तिने मला पुढे बोलूच दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला. "वर्ष होत आलं गं. आधी किल्ल्या विसरायला लागले, मग माणसं. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. मीच शेवटी मोडायला निघाले होते, तर तू नियमावर बोट ठेवलंस. त्यांचीच चेली!"

काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. बैठकीला निघाल्यासारखा स्वच्छ सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मला बघून अर्धवट उठले. "या मॅडम, बसा. थोडा उशीर होतोय, माफ करा. आमच्या बाजूचं माणूस यायचंय."

मी बसले. "कोण यायचंय?"

"माझी ज्युनियर. तोंडाने फटकळ आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. पण तिच्यासारखी वकील या गावात नाही." आजवर मला त्यांनी "बरं झालं" याच्यापुढे कधी शाबासकी दिली नव्हती.

"तुम्ही तिला घालवून दिलंत असं ऐकलं," मी म्हटलं.

त्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घालवावी लागली. मला हल्ली धागा सापडत नाही, मॅडम. बोलता बोलता हातातून सुटतो. ती शेजारी असती तर तिने झाकून नेलं असतं. कुणाला पत्ता लागू दिला नसता. जन्मभर माझंच झाकत बसली असती ती. तिचं स्वतःचं मग कधी व्हायचं?" आणि घाईघाईने, "हे तिला सांगू नका."

"नाही सांगत, काका."

"आता मात्र तिने यायला हवं. त्या बायकांचं प्रकरण आहे. माझ्याच्याने होणार नाही."

मी सांगितलं की समेट झाला, सगळ्या नव्या इमारतीत जाणार. त्यांना खूप आनंद झाला. "वा! कुणी केला?" मी थोरल्या मावशींचं सांगितलं, तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. थोड्या वेळाने पुन्हा दाराकडे बघायला लागले. कपाळावर तीच काळजी.

"ती येईल ना हो?"

"येईल काका. नक्की येईल."

"मग थांबू. ती आल्याशिवाय मी सही करणार नाही."

काकूंनी पंखा लावून दिला. मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या हाताला आणली आणि आम्ही दोघं दाराकडे तोंड करून तिची वाट बघत बसलो.